अनसूया ढवळेच्या तीन चाचण्या

उत्तम ढवळेला मारलं तेव्हा दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती, आणि त्याची बायको अनसूया जमिनीपासून पस्तीस फुटांवर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेली होती.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सळयांच्या मिलमध्ये ती नऊ वर्षं भंगाराच्या यार्डातली चुंबकाची क्रेन चालवत होती. २०३९ साल होतं. भट्टीवरची बहुतेक कामं आता यंत्रं करत. पण भंगारात कधी काय निघेल याचा नेम नसल्यामुळे यार्डातल्या क्रेनवर माणूसच लागायचं. उत्तम त्याच मिलमध्ये फोरमन. महिन्याभरापूर्वी भट्टीपाशी दोन मजूर भाजून मेले होते. त्यांना हातमोजेसुद्धा दिले नव्हते, असा जबाब उत्तमने मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध दिला होता. त्या दिवसापासून घरी धमक्यांचे फोन येत होते.

चुंबकाला दीड टन भंगार चिकटलेलं असताना तिला उत्तम फाटकाकडून चालत येताना दिसला. उभ्या ट्रकच्या मागून चार जण निघाले. चौघांच्या डोक्यांवर पांढरी हेल्मेटं, हातांत सळया. पहिला घाव उत्तमच्या गुडघ्यावर बसला. तो खाली बसला तसा दुसरा खांद्यावर, आणि त्यानंतर घाव मोजण्यात अर्थ राहिला नाही. वरून ते कुणीतरी गालिचा झोडपतंय असं दिसत होतं. अनसूयाने भोंगा दाबून धरला. लोंबतं भंगार त्यांच्या अंगावर सोडावं असं तिच्या मनात आलं. पण चौघांच्या मधोमध उत्तम होता. चौघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.

बेचाळीस पायऱ्यांची उभी शिडी. ती खाली पोचली तेव्हा चौघे भिंतीवरून उडी टाकून गेले होते. उत्तमचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन तिचा धाकटा भाऊ भास्कर बसला होता. तो त्याच ठेकेदाराकडे मुकादम होता; भोंगा ऐकून कँटीनमधून धावत आलेला. त्याचं तोंड, मान, शर्ट, सगळं रक्ताने माखलं होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि तो तोंड वासून रडू लागला.

उत्तम दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

पाचव्या दिवशी अनसूयाला संभाजीनगरच्या साक्षी-स्मृती केंद्रात नेलं. सोबत तिचा मुलगा समर्थ होता. एकवीस वर्षांचा, एका वर्कशॉपमध्ये फिटर. बाप गेल्यापासून तो धड जेवला नव्हता आणि रडलाही नव्हता.

केंद्राच्या डॉ. वैजयंती सोनटक्के पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या.

"तीन चाचण्या होतील, अनसूयाताई," त्या म्हणाल्या. "बरोबर-चूक काही नाही. आठवेल तेवढंच सांगायचं. नाही आठवलं तर नाही म्हणायचं."

त्या काळात अशी केंद्रं तीन-चार शहरांत निघाली होती. त्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. पाहिलेली गोष्ट माणूस डोक्यात एका जागी ठेवत नाही. चेहरा ओळखण्याचं काम मेंदूचा एक भाग करतो, कोण कुठे उभं होतं हे दुसरा सांभाळतो, आणि हे नेमकं कधी पाहिलं, याची नोंद तिसराच ठेवतो. ही तिसरी नोंद सगळ्यांत कच्ची. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण कुठे पाहिलाय ते काही केल्या आठवत नाही, ते याचमुळे. म्हणून एकाच साक्षीदाराच्या तीन वेगवेगळ्या परीक्षा घ्यायच्या आणि त्यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहायचे, असा नियम होता.

पहिली परीक्षा ओळखण्याची. पडद्यावर एकामागून एक दोनशे फोटो आले. पाहिलाय, नाही पाहिला, एवढंच सांगायचं. मिलमधली माणसं होती, तशी अनोळखीही होती. एकशे बाराव्या फोटोला अनसूया थांबली.

"हा माझा भाऊ आहे."

"त्या दिवशी पाहिला होता?"

"हो. पाहिला होता."

डॉक्टरांच्या मदतनिसाने 'हो' असं नोंदवलं. कधी पाहिला, हे विचारायची त्या परीक्षेत सोयच नव्हती.

दुसरी परीक्षा मांडण्याची. तिला कागद, पेन्सिल आणि यार्डाचा छोटा लाकडी नकाशा दिला. त्यावर माणसांच्या सोंगट्या ठेवायच्या आणि आठवेल ते कागदावर काढायचं. तिने ट्रक ठेवला, उत्तम ठेवला, चौघे ठेवले. कागदावर चार गोल काढून त्यांना खांदे जोडले, हातांना रेघा जोडल्या. एका गोलाची रेघ तिने डाव्या बाजूला काढली.

"हा डावखुरा होता," ती म्हणाली.

"चेहरे नाही काढलेत?" मदतनिसाने विचारलं.

"वरून चेहरे कसे दिसतील?"

त्याने मान हलवली आणि कागद पाकिटात घातला. डॉक्टर, मदतनीस आणि समर्थ, तिघांनीही ते वाक्य ऐकलं. ते कुणाच्याच डोक्यात थांबलं नाही.

तिसरी परीक्षा दृश्यलेखाची. खरं तर सगळे ज्याच्यासाठी इथवर येत, ते हे यंत्र. डोक्यावर जाळीची टोपी घालून माणसाने तो प्रसंग आठवायचा. डोळे मिटून माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हाही मेंदूच्या मागच्या बाजूचा, पाहण्याचं काम करणारा भाग जागा होतो. त्याच्या हालचाली टिपून यंत्र त्यांचं चित्र बनवायचं. आधी धुरकट, मग स्पष्ट.

अनसूयाने डोळे मिटले. सळया, रक्त, भोंगा. पंधरा मिनिटांनी पडद्यावर एक चेहरा उमटला. समोरून पाहिलेला. रक्ताने माखलेला, डोळे विस्फारलेले, तोंड वासलेलं. भास्करचा चेहरा.

काचेपलीकडे उभा असलेला समर्थ ते पाहत होता.

"आई," बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मामा होता?"

"तो नंतर आला रे. मी खाली उतरले तेव्हा..." ती बोलता बोलता अडखळली. पडद्यावरचं चित्र इतकं ठसठशीत होतं की त्यापुढे तिची स्वतःची आठवण फिकी वाटायला लागली होती. भास्कर खरंच नंतर आला होता? की तो तिथेच होता? "नंतरच आला वाटतं," ती म्हणाली.

"वाटतं?"

त्या एका शब्दासाठी पुढे तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

पोलिसांनी भास्करला दिवसभर बसवून घेतलं आणि सोडलं. तिन्ही परीक्षा ताडून सही झालेला अहवाल येईपर्यंत नुसत्या चित्रावर अटक करता येत नव्हती. केंद्रात कामाचा ढीग होता. अहवालाला आठवडा लागणार होता. आठव्या दिवशी केंद्रातल्याच कुणीतरी ते चित्र बाहेर सोडलं. दुपारपर्यंत ते गावातल्या प्रत्येक फोनवर होतं. खाली लिहिलेलं असायचं: बहिणीने डोळ्यांनी पाहिलेला खुनी. संध्याकाळी भास्करच्या घरावर दगड पडले. एक दगड त्याच्या बायकोच्या, वर्षाच्या कपाळावर बसला. तो तिला आणि मुलीला घेऊन मंठ्याला सासुरवाडीला निघून गेला.

समर्थला आता सगळं जुळत होतं. जबाब दिल्यानंतर मामा घरी आला होता आणि ओसरीवर बसून बापाला म्हणाला होता, "दाजी, जबाब मागं घ्या. नाहीतर काय होईल ते मी सांगू शकत नाही." भास्कर घाबरून बोलत होता, हात जोडून बोलत होता. समर्थने स्वयंपाकघरातून फक्त शब्द ऐकले होते.

बाराव्या दिवशी सकाळी डॉ. सोनटक्क्यांचा फोन आला.

"अनसूयाताई, तुमचा भाऊ त्यांच्यात नव्हता." त्यांचा आवाज दमलेला होता. "तुम्ही पस्तीस फुटांवर होतात. तुमच्या कागदावर चौघांची फक्त हेल्मेटं आहेत, वरून दिसतात तशी. आणि दृश्यलेखातला चेहरा समोरून पाहिलेला आहे, अगदी चार हातांवरून. तो क्रेनमधून दिसणं शक्यच नाही. तो तुम्ही खाली उतरल्यावर पाहिलात. यंत्राला आधीचं आणि नंतरचं कळत नाही. जे ठळक असेल तेच ते दाखवतं."

अनसूया भिंतीला टेकून खाली बसली.

"तो रडत होता हो," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन."

"हो. मी हे पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं. अहवाल आज पोलिसांकडे जाईल. डावखुऱ्या माणसाचा शोध सुरू होईल."

तिने लगेच भास्करला फोन लावला. "ये," एवढंच म्हणाली. "माझं चुकलं. उद्या तेरावा आहे, तू पाहिजेस." समर्थ तेराव्याचं सामान आणायला गेला होता. त्याला हे फोनवर सांगण्यासारखं नाही असं तिला वाटलं. मामा समोर बसलेला असेल, मग हात धरून सांगू.

भास्कर अकराच्या सुमारास आला. डोळे खोल गेलेले. तो तिच्या पाया पडायला वाकला तर तिने त्याला पोटाशी धरलं. मग तिने चहा टाकला. तो मागच्या अंगणात नळापाशी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांत बशी धरून चहावर फुंकर घालू लागला.

"तायडे," तो म्हणाला, "मला वाटलं होतं, मी मेल्यावरच तू भेटशील."

समर्थ मागच्या दारानेच आला. त्याची दुचाकी बोळात उभी राहिल्याचा आवाज तिने ऐकला, पण ती आत कप विसळत होती. ती दारात आली तेव्हा सामानाची पिशवी खाली पडलेली होती आणि समर्थच्या हातात त्याच्या हत्यारांच्या पिशवीतला मोठा पाना होता.

"समर्थ, थांब. तो नव्हता. डॉक्टरांचा फोन आला होता."

"तू पाहिलंस त्याला."

"मी नंतर पाहिलं रे. ऐक माझं."

"मी ते चित्र पाहिलं, आई. तुझ्या डोक्यातलं. आता तुझं तोंड खरं मानू की तुझे डोळे?"

भास्करने मान वर केली. बशी अजून त्याच्या हातांतच होती. "पोरा," तो म्हणाला, "आधी बस तर खरं."

पहिला घाव कानशिलावर बसला. बशी फुटली. भास्कर एका कुशीवर पडला आणि त्याने हात वर केला तो डोळ्यांवर धरण्यासाठी. दुसऱ्या घावाने त्याची बोटं मोडली. अनसूया मुलाच्या पाठीवर जाऊन पडली, त्याच्या गळ्याला लोंबकळली, त्याच्या दंडाला दातांनी चावली. त्याने तिला कोपराने भिंतीवर फेकलं. तिसरा घाव, चौथा. मग पाना फरशीवर आपटून ठणठणला आणि सगळं शांत झालं. भास्करचा एक डोळा उघडा होता. तो तिच्याकडे पाहत होता. ती सरपटत त्याच्यापर्यंत गेली. "तायडे, वर्षाला..." तो म्हणाला आणि राहिला.

समर्थ आपल्या हातांकडे पाहत उभा होता. झोपेतून जागा झाल्यासारखा तो म्हणाला, "काय झालं?"

पाच दिवसांनी ठेकेदाराचे चार गुंड परभणीजवळ पकडले गेले. त्यांतला एक डावखुरा होता.

समर्थचा खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकच होता, अनसूया. तिच्या पुन्हा तीन चाचण्या होणार होत्या. समर्थचे वकील गुंजाळ घरी आले आणि दार लावून घेऊन बोलले.

"मावशी, हा खून ठरला तर जन्मठेप आहे. पण तुमच्या भावाने आधी पाना उचलला असता आणि पोराने तो हिसकावून घेतला असता, तर तो स्वतःला वाचवत होता असं होईल."

"तसं झालं नाही."

"नाही झालं. पण तसं आठवू शकतं." त्यांनी पुण्याच्या एका माणसाचा पत्ता दिला. आठवण काढायला बसवायचं, ती जागी झाली की लगेच बदललेली चित्रं पुनःपुन्हा दाखवायची. जागी झालेली आठवण काही तास ओली असते. त्या वेळात तिच्यावर जे उमटेल ते पक्कं होतं. पाच बैठकांनंतर माणूस खोटं बोलत नाही, त्याला तसंच आठवतं. मग ओळखण्याची, मांडण्याची, दृश्यलेखाची, तिन्ही चाचण्या एकच सांगतात.

नवरा गेला, भाऊ गेला. उरलेला एक मुलगा कोठडीत होता. ती पुण्याला गेली.

पहिल्या बैठकीत तिला उलट्या झाल्या. पडद्यावर तिचंच अंगण होतं, तोच नळ, आणि भास्कर पाना घेऊन उठत होता. कुणीतरी त्याच्या जुन्या फोटोंवरून ते बनवलं होतं. दुसऱ्या बैठकीत तिला फारसा त्रास झाला नाही. परत येताना गाडीत डोळे मिटले तर थोडं हलकंच वाटलं. भास्करने उठून अंगावर येण्यात एक सोय होती. मग समर्थ तिचा समर्थच राहत होता.

दुसऱ्या दिवशी वर्षा आली. कपाळावरची खूण अजून ताजी होती. उत्तम गेल्यानंतर दोघी आज पहिल्यांदाच समोरासमोर बसल्या होत्या.

"वन्सं," वर्षा म्हणाली, "मी भांडायला आले नाही. मला फक्त विचारायचंय. पोरगी रोज विचारायलीय, पप्पा शेवटी काय करत होते. मला कुणी सांगत नाही. तुम्ही होतात तिथं. त्यांच्या हातात काय होतं?"

अनसूयाने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर पाना आला.

तिने डोकं गच्च धरलं. पान्याच्या मागे काहीतरी होतं, पांढरं, पातळ. ती ते शोधत राहिली. बराच वेळ गेला. घामाने तिची चोळी भिजली. अंगणातल्या नळाचा आवाज आला, चहाचा वास आला, आणि कुठूनतरी भास्करची फुंकर ऐकू आली.

"बशी होती," ती म्हणाली. "दोन्ही हातांत धरून चहा पीत होता. त्याला गरम चहा कधी पिता आलाच नाही." मग तिने त्याचे शेवटचे शब्दही सांगितले, एकेक करून, जणू अजून एक बैठक झाली असती तर ते तिच्याकडे उरले नसते.

वर्षा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

गुंजाळांना अनसूयाने फोन केला आणि सांगितलं की ती पुण्याला जाणार नाही. "मावशी, पोराचा विचार करा," ते म्हणाले.

"तोच करतेय," ती म्हणाली. "उद्या तो बाहेर येईल आणि मला विचारेल, मामाने खरंच पाना उचलला होता का. तेव्हा मी काय सांगू? मला तर तसंच आठवत असेल. मग खरं कोणाकडे असेल?"

डॉ. सोनटक्क्यांकडे तिने पुण्याच्या दोन्ही बैठकांची हकिगत स्वतःहून सांगितली. दृश्यलेख यामुळे बाद झाला. कागदावर तिने अंगण काढलं, नळ काढला, उकिडवा बसलेला माणूस काढला, आणि त्याच्या हातांच्या ओंजळीत एक चपटा गोल काढला. न्यायालयात तिला विचारलं, मृताने हात उगारला होता का. "उगारला नाही," ती म्हणाली. "डोळ्यांवर धरला होता." आणि लगेच पुढे म्हणाली, "माझ्या पोराने खोटं चित्र खरं मानलं, साहेब. ते चित्र माझ्याच डोक्यातून निघालं होतं. मी त्याला ठामपणे नाही म्हणाले नव्हते. हेही लिहून घ्या."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठरला आणि समर्थला दहा वर्षांची सजा झाली.

तीन महिन्यांनी त्याने पहिल्यांदा तिला भेटायला परवानगी दिली. जाळीच्या पलीकडे तो बसला. केस कापलेले, गळ्याची हाडं वर आलेली. पहिली पाच मिनिटं तो जेवणाबद्दल, कामाबद्दल बोलत राहिला. आत त्याला वेल्डिंगचं काम दिलं होतं. मग तो थांबला.

"आई, तुला एक सांगू? मला ते आठवत नाही. मी दारातून आत आलो तेवढं आठवतं. पाना फरशीवर पडला ते आठवतं. मधलं काहीच नाही. इथल्या डॉक्टरांनी ती टोपी घातली, तर पडदा काळा राहिला." त्याने जाळीत बोटं अडकवली. "रोज सकाळी उठतो आणि वाटतं, हे दुसऱ्या कुणीतरी केलंय. मला सांगशील? मी काय केलं ते?"

"सगळं?"

"सगळं. काही गाळू नको."

पहारेकऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं उरली होती. अनसूयाने खुर्ची जाळीजवळ ओढली, पदराने तोंड पुसलं आणि मुलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुझा मामा नळापाशी बसला होता," ती सांगू लागली. "मी चहात साखर जरा जास्त घातली होती, त्याला आवडते म्हणून."